चढता डब्बा

ही एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. मला ओळखणारा कोणी हे वाचत असेल तर तो इथेच हसेल — वसंताने न सांगितलेली गोष्ट? अशी वैनगंगेच्या अल्याड-पल्याड एक तरी उरली आहे का? हसा. हक्क आहे तुमचा. मला शिंक आली तर मी ती न्यूमोनिया म्हणून सांगतो. खरोखर न्यूमोनिया झाला असता तर तिरडीवरून उठून आलो असं सांगितलं असतं, आणि तिरडीचा बांबू कोणत्या जंगलातला होता तेही. माझी बायको म्हणते, "तुमची गोष्ट म्हंजे मोहफूल. ओली टोपलीभर, वाळली का मूठभर."

तर ही वाळलेली. मूठभरच आहे. नऊ वर्षं मुठीत धरून ठेवली, आणि आता मूठ उघडायची म्हटलं तर बोटं —

असो. सुरुवात कुठून करू? शब्दापासून करतो. शब्दापासून निघालं की माणसापर्यंत पोचायला जरा वेळ मिळतो.

झाडीपट्टीच्या नाटकांत मी ढोलकी वाजवतो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाहून नाटकवाल्यांच्या गाड्या निघतात, त्या थेट होळीपर्यंत. रंगमंचाच्या पुढ्यात आम्ही वाजवणारे बसतो. आमच्यात एक शब्द चालतो — चढता डब्बा. नाटकात खलनायक यायचा असतो, किंवा बाईच्या हातात चिठ्ठी पडलेली असते आणि ती अजून उघडलेली नसते, अशा वेळी मंडळाचा मालक वरून खूण करतो — "वसंता, चढता डब्बा!" मग ढोलकीवर एकच ठोका सुरू होतो. इतका हळू, की पहिल्या रांगेतल्या बाईला वाटावं आपलीच छाती वाजते आहे. मग तोच ठोका वाढत जातो. लक्षात घ्या, लय वाढत नाही. नवशिके इथेच चुकतात; आवाज वाढव म्हटलं की त्यांचा हात पळायला लागतो. चढत्या डब्ब्यात हात पळत नाही. एका श्वासाला एक ठोका, पहिला तसाच पुढचा. फक्त आवाज चढतो, चढतो, आणि आता मंडप फाटणार असं वाटत असताना — तुटतो. शिखर गाठायच्या आधीच. मग शांतता. त्या शांततेत खलनायकाचं पाऊल पडतं.

एकदा या जागी पाच हजार माणसं श्वास धरून बसली होती. बरं, दीड हजार. पण श्वास धरला होता, हे खरं.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून एक संगीताचे मास्तर आले होते, आमची वाद्यं ऐकायला. त्यांनी सांगितलं की पाश्चात्त्य संगीतात आवाजाच्या या चढण्याला क्रेसेंडो म्हणतात. इटलीकडचा शब्द, अर्थ — वाढत जाणारं. त्याची खूणही त्यांनी वहीत काढून दाखवली: एका टोकाला मिटलेल्या दोन रेघा, पुढे पुढे उघडत जाणाऱ्या. "चोचीसारखी दिसते ना?" ते म्हणाले. मला चोच दिसली नाही. मला जबडा दिसला. मी पाणी मागितलं.

"आणि तुमचा शब्द कुठून आला, वसंतराव?"

मी तोंड उघडायच्या आधीच आमचा ऑर्गनवाला ओरडला, "अजी, वसंताभाऊनंच आनला तो! सांगा ना भाऊ, वाघाची सांगा!"

मी सांगितली. मी नेहमी सांगतो ती अशी: पहाट. मोहाचं रान. राखणीला बसलेल्या बाईचा डोळा लागलेला. झुडपातून वाघ निघतो — पहिल्या वर्षी तो सहा हातांचा होता, पुढे नऊ झाला, गेल्या मंडईत तर मी त्याची शेपटीच नऊ हातांची केली. वाघ झोपलेल्या बाईवर पडतो. आणि मी? मी धावतो, तिच्याजवळचा डब्बा उचलतो आणि वाजवायला लागतो. हळू, मग जोरात, मग आणखी जोरात, वाघाच्या डोळ्यांत डोळे घालून. वाघ एकेक पाऊल मागे सरतो. बाई वाचत नाही, पण वाघाला मी तिला नेऊ देत नाही. ऐकणारे हळहळतात. कोणीतरी चहा सांगतो. मास्तरांनी सगळं वहीत लिहून घेतलं, माझं नाव नीट विचारून.

यात खरं किती? पहाट खरी. रान खरं. वाघ खरा, सहा हातांचाही नसेल. आणि बाई —

थांबा. आधी डब्ब्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. की मी पुन्हा वेळ काढतो आहे?

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला. घरांच्या मागून जंगल सुरू होतं. चैतात मोह गळायला लागला की उजाडता उजाडता सगळे वेचायला निघतात. आता मोह वेचायचा म्हणजे वाकायचं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून आमच्याकडे एक जण वेचत नाही. झाडाच्या बुंध्याशी बसायचं, मांडीत तेलाचा रिकामा डब्बा घ्यायचा, आणि तेंदूच्या काडीने वाजवत राहायचं. त्याच्या वाट्याची फुलं बाकीचे आपापल्या टोपलीतून देतात. ठोका हळू आहे तोवर ठीक, वेचा. ठोका चढायला लागला म्हणजे राखणीवाल्याला काहीतरी दिसलं आहे. त्याने उठून पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, बसल्या जागी आवाज चढवत राहायचं. लय मात्र सुटू द्यायची नाही — लय सुटली की वाघाला कळतं, हे घाबरलं. आणि ज्याच्या कानावर चढता ठोका पडेल त्याने टोपली टाकायची, ओरडायचं, आणि ठोक्याच्या दिशेने चालायचं. पळत सुटायचं नाही. ठोक्याच्या दिशेने चालायचं. चार माणसं ओरडत एका जागी आली की वाघ निघून जातो. आमच्या आज्यांपासून हे चालत आलं आहे. राखणीवाल्याचा सगळा भरवसा एवढ्यावरच, की ऐकणारा येईल.

बाईचं नाव मैनाबाई. लिहिलं शेवटी.

मैनाबाई डब्ब्यावर बसली की बायका निर्धास्त वेचायच्या. अंगाने काडी, जिभेने कोयता. मला तर ती दिसता क्षणी धरायची — "काय बे वसंता, तुही ढोलकी टाळ्यांसाठी वाजते, माहा डब्बा जिवासाठी. सांग, मोठा वाजवनारा कोन?" सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचो. रंगमंचावर दीड हजार माणसांसमोर वाजवणारा मी, आणि ही बाई सगळ्यांसमोर मला तेलाच्या डब्ब्याखाली बसवायची. राग होता का माझ्या मनात? थोडा होता. पण त्या रागाने काही केलं असं म्हणालो तर तेही खोटं होईल. रागाने काही केलं नाही. जे केलं ते भीतीने केलं, आणि पुढचं सगळं तोंडाने.

त्या सकाळी बाकीचे नाल्याच्या पल्याड गेले होते. तिकडची दोन झाडं चांगली गळली होती. मैनाबाईची मुलगी शालू, तेव्हा विशीतली, त्यांच्यातच होती. अल्याड आम्ही दोघंच. मैनाबाई तिच्या मोहाशी, आणि मी पन्नास पावलांवर दुसऱ्या मोहाखाली. वेचत होतो म्हणायला. टोपलीच्या तळाशी पाला भरून वर फुलं पसरून झाली होती आणि मी बिडी पेटवली होती. मैनाबाईला ते तिथूनही कळलं. ठोका न थांबवता ओरडली, "वसंता, टोपलीत पाला किती अन् मोह किती बे?" मी काहीतरी उलट बोललो. ती हसली. पुन्हा नुसता ठोका.

मग तो चढला.

मला लगेच कळलं. पल्याडच्यांना कळायला जरा वेळ लागला असेल, मला नाही. हात हाच माझा धंदा आहे.

मी काय केलं? झाडामागे गेलो. बुंध्याला पाठ लावली. बिडी विझवली — बोटांनी चुरडून विझवली, धूर दिसू नये म्हणून. ओरडलोसुद्धा नाही. पन्नास पावलं चालायचं राहू द्या, एक हाक? माझा आवाज तीन गावांना ऐकू जातो अशी बढाई मीच मारतो ना? कुठे होता तो? तोंड उघडं होतं माझं. छातीतला श्वास तिच्या ठोक्याबरोबर आत जात होता, बाहेर येत होता. मी वाट पाहत होतो — आता हिचा हात पळेल, आता लय सुटेल. हो, मला ते हवं होतं. लय सुटली असती तर मला म्हणता आलं असतं की ती घाबरली, तिने नियम मोडला, आता मी काय करणार? तिने लय सोडली नाही. आवाज चढत होता, पत्रा फाटेल इतका चढला होता, आणि प्रत्येक ठोका आपापल्या जागी पडत होता. ती मला बोलवत होती. तिला ठाऊक होतं मी तिथे आहे. दुसरं कोणी इतक्या जवळ नव्हतंच.

मग ठोका तुटला.

त्या शांततेचं काय सांगू? नऊ वर्षं मी तीच वाजवतो आहे.

नाल्याकडून ओरडा जवळ येऊ लागला तेव्हा मी झाडामागून निघालो. वाघ नव्हता. झुडूप हलत होतं. मैनाबाईकडे मी नीट पाहिलं नाही. डब्बा पाहिला, तो घरंगळून बाजूला गेला होता. काडी तिच्या मुठीतच होती. मी डब्बा उचलला आणि दोन्ही हातांनी बदाबदा वाजवत सुटलो, लय ना ताल. कोणासाठी? वाघ तर गेला होता. येणाऱ्यांना मी वाजवताना दिसावं, म्हणून.

ते आले. शालू तिच्या आईकडे गेली. बाकीच्यांपैकी कोणीतरी माझा खांदा धरला — "तू वाजवला का बे वसंता?" मी मान हलवली. तेवढ्यावरही थांबता आलं असतं. पण मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग मैना काय करून राह्यली होती?"

मी म्हणालो, "डोळा लागला असंन तिचा."

चार शब्द. जन्मभर मी लांबलचक खोटं बोललो. हे सगळ्यांत आखूड.

त्या चार शब्दांतून पुढे दोन बोल निघाले. एक माझा. त्याच हिवाळ्यात वडशाला तालमीत मालक म्हणाला, खलनायकाच्या आधी काहीतरी पायजे बाप्पा, पब्लिकचं काळीज हाललं पायजे. मी काही ठरवलं नव्हतं. हात ढोलकीवर ठेवले आणि हातांनी तेच वाजवलं — हळू, चढत, लय न सोडता, आणि जिथे तुटलं होतं तिथे तुटलं. "काय हाय बे हे?" मालकाने विचारलं. "चढता डब्बा," मी म्हणालो, आणि वाघाची गोष्ट सांगितली. पुढच्या मोसमात दुसऱ्या मंडळांतही तो शब्द गेला. आता तर लहानसहान ढोलकीवालेही म्हणतात. कोणी विचारतो, भाऊ, शिखराच्या आधीच का तोडता? मी सांगतो, तीच तर कला आहे. मला पुढचं येतच नाही, हे कोणाला सांगू? तिथून पुढचा ठोका मी ऐकलेलाच नाही.

दुसरा बोल गावात निघाला. डब्ब्यावर बसणाऱ्याला बाकीचे जाता जाता बजावतात — "मैना होऊ नको हो." कोणी पाणी भरताना पेंगली, कोणी शाळेत डुलकी घेतली — "मैना झाली का?" बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. निम्म्यांनी तर तिला पाहिलेलंही नाही. आणि तिच्या घरच्यांच्या हातात पुन्हा डब्बा गेला नाही. तसं कोणी ठरवलं नाही. फक्त कोणी दिला नाही.

मला झोप लागते का, असं तुम्ही विचाराल. लागते. हा त्रास जागेपणीचा आहे. बायको कांदा चिरायला बसते. शेजारी सायकलचा मडगार्ड ठोकून सरळ करत असतो. टाकीचा नळ बादलीत गळत असतो. ठोका सारखा पडत असला की माझं अंग थांबतं. वाटतं, आता चढेल. बायको विचारते, "असे काऊन उभे राह्यले?" मी काहीतरी गोष्ट सांगतो. ती हसते, पुन्हा चिरायला लागते. आणि मी तिचा हात थांबेपर्यंत हलत नाही.

यंदा होळी झाली आणि शालू माझ्या अंगणात आली. आता तिशीच्या जवळ आली आहे. आईसारखीच काडी, पण जीभ तशी नाही. खाटेवर बस म्हटलं तर बसली नाही.

"भाऊ, एक इचारू का? रागावसान तं नाई?"

"इचार ना."

"त्या दिवशी नाल्याच्या पल्याडून मी ऐकत होती. पहिले ठोका सम होता. मायसारखा. चढला, पन सम होता. मंग थांबला. मंग जो वाजला तो घाबरलेला होता. तुमी वाजवनारे हाव, तुमाले समजते. एका मानसाचा हात असा बदलते का?"

ती पुढे बोलली. "मले यंदा डब्ब्यावर बसाचं हाय. मायनं शिकवलं हाय मले. बाया म्हनतेत, मैनाची पोरगी, झोपन. मले दुसरं काई नाई पायजे भाऊ. पहिला हात मायचा होता, येवढंच सांगा."

बघा, किती सोपं होतं. तिला वाघही नको होता, माझा भित्रेपणाही नको होता. ती झाडामागे काय झालं ते विचारतच नव्हती. 'हो' म्हणायचं होतं फक्त. मी हसलो. हो, हसलो मी. म्हणालो, "अवं शालू, वाघ समोर उभा असला का भल्याभल्या वाजवनाऱ्याचा हात सुटते. पहिले माहा हात सम होता, मंग त्यानं असा जबडा उघडला —" आणि हातांनी जबडा करून दाखवला. तिच्या आईला ज्या जबड्याने नेलं तो, तिच्याच समोर. चांगला मोठा करून.

"बरं," ती म्हणाली. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर पाय पडू नये म्हणून कडेने गेली.

तेव्हा आता सरळ लिहितो. मैनाबाई झोपली नव्हती. तिला वाघ दिसला आणि तिने डब्बा चढवला, नियमाने, आणि शेवटपर्यंत लय सोडली नाही. मी पन्नास पावलांवर होतो. मला ऐकू येत होतं, आणि त्याचा अर्थ मला कळत होता. मी गेलो नाही. ओरडलो नाही. नंतर म्हणालो की ती झोपली होती, आणि तिने वाजवलेलं माझं म्हणून नऊ वर्षं वाजवलं.

हे शेवटचं पान नंतरचं आहे.

वरचं लिहून चार दिवस कागद ट्रंकेत ठेवले होते. काल दुपारी ते घेऊन शालूच्या घरी गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात पुसले, कागद घेतले आणि उंबरठ्यावर उभ्याने वाचले, सगळे, एकेक ओळ. हसायच्या जागी हसली नाही. वाचून झाल्यावर पहिल्या पानावर परत गेली, तिथून पुन्हा काहीतरी शोधून वाचलं. मग कागद जुळवून घडी केली. ते तिच्याकडेच आहेत. कोणाला दाखवायचे, दाखवायचे की नाही, ते ती बघेल.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. तिने एकच विचारलं.

"किती ठोके होते भाऊ?"

मोजले नाहीत, असं म्हणता आलं असतं. पण वाजवणाऱ्याला मोजावं लागत नाही; आतलं आत आपोआप मोजलं जातं. झाडाला पाठ लावून उभा होतो तेव्हाही ते चालू होतं.

"एकतीस," मी म्हणालो. "चढायला लागल्यापासून एकतीस."

तिने डोळे मिटले. आधी मला कळलं नाही ती काय करते आहे. मग तिचे ओठ हलताना दिसले. एका श्वासाला एक. घाई न करता, आईने शिकवलं होतं तसं. मी समोर उभा होतो, आणि ती मोजत होती.

खूप वेळ लागला.